दहाव्याचं गिऱ्हाईक

सुरेखा,

काल तुझ्या दहाव्याला भाषणं झाली. तुला ती नको होती. हे तू मला सांगितलं होतंस, आईला आणि तुझ्या धाकट्या भावाला, संतोषला, सांगितलं होतंस, आणि पुण्याच्या दवाखान्यात सलाइन बदलायला आलेल्या नर्सलाही सांगितलं होतंस. ती केरळची. तिला दहावा म्हणजे काय हेच माहीत नव्हतं, तर तू उशीला टेकून तिला मांडव, माईक आणि सोफा समजावून सांगायला लागलीस. एवढं करूनही भाषणं झाली. मी तिथं होते. काय झालं ते तुला सांगते, पण आधी थोडं मागचं सांगावं लागेल. हे वाचणाऱ्यांना आपण दोघी इतकी वर्षं कशावरून भांडत होतो ते माहीत नाही.

आपल्या जुन्नर-आंबेगावात माणूस गेल्यावर दहाव्या दिवशी सकाळी नदीच्या घाटावर विधी होतो. घाटावर मुलगा भटजींसमोर बसतो, पिंड मांडतात, कावळ्याची वाट पाहतात. घाटाच्या वरच्या अंगाला मांडव असतो. त्यात आधी महाराजांचं प्रवचन होतं आणि मग श्रद्धांजलीची भाषणं. पुढे सोफा असतो, सोफ्यावर पुढारी. मागे सतरंजीवर पुरुष. बायका कडेला, जिथं मांडवाचं कापड संपतं आणि ऊन सुरू होतं तिथं. एकाच सकाळी तालुक्यात दोन-तीन दहावे असले की पुढाऱ्यांच्या गाड्या एका घाटावरून दुसऱ्या घाटाकडे धावतात, आणि गाडी पोचेपर्यंत आधीचा वक्ता बोलणं लांबवत राहतो. हे आपल्याकडे कुणाला विचित्र वाटत नाही. मलाही वाटत नव्हतं.

तू एमबीएला पुण्यात होतीस. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी तेव्हा एका वर्तमानपत्रात नवी लागले होते. मंचरच्या शाळेत आपण एका बाकावर होतो, पण पुण्यात भेट क्वचित व्हायची. एका रविवारी तू माझ्या खोलीवर आलीस आणि म्हणालीस, "काय गं वार्ताहर, तुझ्याकडं दहाव्यांची यादी असती ना?"

वर्गाला सरांनी काम दिलं होतं. कुठलीही एक सेवा निवडा, तिचा ग्राहक कोण ते सांगा, त्या ग्राहकाला नेमकं काय मूल्य मिळतं ते शोधा आणि वर्गापुढं सादर करा. कुणी कुरिअर घेतलं होतं, कुणी ब्यूटी पार्लर, कुणी क्रेडिट कार्ड. तू दहाव्याचं भाषण घेतलंस.

मला आधी ती थट्टा वाटली. तू म्हणालीस, "थट्टा कशाची? माल आहे, देणारा आहे, वेळ आहे, जागा आहे. गिऱ्हाईक कोण तेवढं सापडत न्हाई. तेच तर शोधायचंय."

त्या हंगामात अण्णांची, म्हणजे तुझ्या वडिलांची, मोपेड घेऊन आपण दोन्ही तालुके फिरलो. दहाव्याच्या दिवशी तू काहीच विचारायची नाहीस, फक्त बसायचीस. मग काही दिवस जाऊ द्यायचे आणि त्या घरी जायचं. तुझा नियम होता की गिऱ्हाईकाला काय मिळालं हे दुकानात विचारायचं नसतं, घरी गेल्यावर विचारायचं असतं. दुकानात माणूस चांगलंच बोलतो.

बेल्ह्याजवळच्या त्या वस्तीवरच्या बाई मला अजून दिसतात. नवरा जाऊन महिना झाला नव्हता. तू विचारलंस, भाषणांतलं काय आठवतंय?

"समदे म्हणले, लई धार्मिक व्हते."

"व्हते का?"

बाईंनी सुपातलं धान्य पाखडायचं थांबवलं. "देवळात कधी गेले न्हाईत. बैलांचा नाद त्यांना. बाजाराच्या दिशी दुसऱ्याचा बैल बी हात लावून बघायचे, घ्यायचा नसला तरी. घरी येऊन मला सांगायचे, आज असा असा बैल बगितला. त्ये कुणीच बोललं न्हाई. मी म्हणलं, ह्ये दुसऱ्याच कुणाचं तरी चाललंय."

मंचरला कांदा-बटाट्याच्या एका व्यापाऱ्याकडे गेलो. वडील गेले होते. दुकानात पोत्यांच्या थप्पीवर बसून तो बोलला.

"साहेब आले व्हते, ताई. स्वतः."

"काय बोलले?"

"चांगलंच बोलले की."

"म्हंजी काय?"

"आता कांद्यावर बोलले. निर्यातीवर बोलले."

"तुमच्या वडिलांवर?"

"व्हय, शेवटाला. अहो, बाप गेला त्ये खरं, पर कांद्याचं बी कुणीतरी बोलायलाच पायजे ना? एवढी माणसं एकदम कुठं गावत्यात?"

बाहेर आल्यावर तू हसत होतीस. मी हसले नाही. मला त्याचं म्हणणं बरोबर वाटत होतं, आणि आपलं भांडण तिथंच, त्याच्या दुकानासमोर, हायवेवरच्या ट्रकांच्या आवाजात सुरू झालं. मी म्हणाले, साहेब काय बोलले याला किंमत नाही, साहेब आले याला आहे. त्या माणसाच्या दारापुढं गाडी थांबली. ते तो नातवंडांना सांगेल. तू म्हणालीस, मग गाडी थांबवावी, नमस्कार करावा आणि जावं. माईक कशाला धरायचा?

"आणि तुझ्या पेपरात ती नावांची माळ," तू म्हणालीस. "'यावेळी अमुक तमुक उपस्थित होते.' तुमचं गिऱ्हाईक कोण गं? वाचणारा का छापून येणारा?"

"दोघंही."

"दोन गिऱ्हाईकं असलेलं दुकान एकाला फसवत असतं."

मी म्हटलं, हे वाक्य तुझ्या कुठल्यातरी पुस्तकातलं असेल. तू म्हणालीस, न्हाई, आत्ता सुचलं, लिहून घे.

आणखी एक घर आहे, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. डिंभे धरणाच्या वर, डोंगराकडच्या एका भाताच्या गावात आपण गेलो होतो. त्या दहाव्याला पुढारी येणार होते, माईकही आणला होता. पण आदल्या रात्री रस्त्यावर दरड आली आणि जीप पोचली नाही; आपण मोपेड अलीकडं ठेवून चालत गेलो होतो. लोक वाट पाहत बसले. वाट पाहता पाहता एक म्हातारा जवळच्याला सांगायला लागला की गेलेल्यानं एकदा पुराच्या पाण्यातून त्याची म्हैस कशी ओढून काढली. दुसरा म्हणाला, ती म्हैस न्हवती, रेडा व्हता. त्यावर वाद. मग तिसरं कुणीतरी बोललं. गेलेल्याची बायको ऐकत होती आणि मधेच म्हणाली, "रेडाच व्हता, आन त्यो सोडवायला ह्ये एकटे न्हवते, माजा भाव बी व्हता." लोक हसले. परतीच्या वाटेवर मोपेड तू चालवत होतीस. मंचर आलं तेव्हा म्हणालीस, "दरड पडली म्हणून बरं झालं." मी म्हणाले, हे तुझ्या अहवालात लिहिता येणार नाही. तू लिहिलंस.

वर्गातल्या सादरीकरणाला मी नव्हते. तू सांगितलेलं आणि तुझ्याबरोबर खोलीत राहणाऱ्या मैत्रिणीनं नंतर सांगितलेलं जुळतं, म्हणून लिहिते. बाकीच्यांच्या प्रोजेक्टरवर लावायच्या पारदर्शिका कॉम्प्युटरवर छापलेल्या होत्या. तुझ्या हातानं काढलेल्या. पहिलीवर तू घाट काढला होतास: सोफा, माईक, सतरंजी, बायका, पिंड, कावळा. प्रोजेक्टरच्या उजेडात ते चित्र भिंतीवर पडलं आणि तू विचारलंस, यात ग्राहक कोण? मागून एकजण म्हणाला, कावळा. वर्ग हसला. तू म्हणालीस, बरोबर, तो एकटाच काहीतरी घेऊन जातो. मग तू घरोघरची उत्तरं वाचून दाखवलीस. बैलांवर आलीस तेव्हा वर्ग हसायचा थांबला होता.

सरांनी ते मध्येच थांबवलं. हा विधी आहे, सेवा नाही, असं ते म्हणाले. इथं व्यवहार नाही, म्हणून ग्राहकही नाही. आणि स्वतःच्याच माणसांची चेष्टा पुण्यात येऊन करायची नसते. तू म्हणालीस, मी चेष्टा करत नाही, मी तिथं कडेला उन्हात बसलेली आहे. किंमत दिली जाते, सर. लोक सकाळ देतात, आणि घरचे त्यांचं माणूस देतात. सरांनी वर्गात सगळ्यांत कमी गुण दिले. शेऱ्यात लिहिलं की विद्यार्थिनी बोलताना श्रोत्यांच्या नजरेला नजर देत नाही. तू तो शेरा मला पाठ म्हणून दाखवायचीस. "आमचे पुढारी बघ, नजरेला नजर लई देतात. एकेक मत मोजून."

पण तो शेरा तुला लागला होता, हे मला माहीत आहे. नंतर नारायणगावला ठिबक सिंचनाच्या कंपनीत लागलीस, गावोगाव शेतकऱ्यांपुढं बोलायचं काम होतं. पुण्याहून कंपनीचे साहेब रंगीत चित्रं पाठवायचे, रोप मोठं होत होत पडद्याबाहेर जातं तसली. तू पडदा बांधायचीस, पण आधी खाली सतरंजीवर जाऊन बसायचीस आणि विचारायचीस, मागच्या वर्षी काय बिघडलं? कुणी म्हणे नळ्या उंदरांनी खाल्ल्या. कुणी म्हणे क्षार बसला. एक म्हातारे म्हणाले होते, "पावणं, तुमची नळी चांगलीय, पर माजा पुतण्या रातीतनं कापतो. त्याच्यावर काय हाय का?" तू त्यांना पावणं म्हणालीस म्हणून मग ते तुला पावणं म्हणत, बाईमाणसाला. नजरेला नजर देणं तू तिथं शिकलीस, खाली बसून. तुझा खप चांगला होता. तुझ्या वरच्या साहेबाला तो का चांगला आहे हे शेवटपर्यंत कळलं नाही.

मला तुझा एक नियम चिकटला. बातमी छापून आल्यावर काही दिवसांनी त्या घरी परत जायचं. आमच्या धंद्यात असं कुणी करत नाही, वेळही नसतो. मी करते. तिथं जे ऐकायला मिळतं त्यातलं फार थोडं छापता येतं, पण पुढची बातमी लिहिताना हात जपून चालतो. हे तुझं आहे. तू असताना हे कधी बोलले नाही. बोलले असते तर तू त्यावरूनही चिडवलं असतंस.

मग अण्णा गेले.

अण्णा मंचरला मोटार रिवाइंडिंग करायचे. विहिरीवरची मोटार जळाली की आख्खा परिसर त्यांच्याकडे यायचा आणि आधी शिव्या खायचा. गिऱ्हाईकाशी गोड बोलणं त्यांना माहीत नव्हतं. "जाळलीस तूच, आन आता माझ्याकडं आणलीस," असं म्हणून मोटार खोलायला घ्यायचे. तुझी ग्राहकमूल्याची पुस्तकं एकदा त्यांनी चाळली होती. म्हणाले, "ह्यात मोटार कुठाय?"

त्यांच्या दहाव्याची सगळी तयारी तुझ्या चुलत्यांनी, तात्यांनी केली होती. मांडव, माईक, सोफा. तालुक्यातले मोठे साहेब येणार होते. तात्यांनी त्यांना स्वतः जाऊन सांगितलं होतं. साहेब आले, सोफ्यावर बसले. प्रवचन संपलं. सूत्रसंचालन करणारे गुरुजी नाव पुकारणार, तेवढ्यात तू उठलीस आणि माईक हातात घेतलास. मुलीनं बापाच्या दहाव्याला माईक धरलेला मी तोवर पाहिला नव्हता.

तू म्हणालीस, "आज भाषणं न्हाईत. अण्णांची ज्याला जी गोष्ट आठवत असंल ती त्यानं सांगावी. बसल्या जागेवरनं. माईक न्हाई." आणि बटण बंद केलंस.

कुणी बोललं नाही. मला वाटलं, संपलं, ही हरली. तात्यांचा चेहरा काळा पडला होता. साहेब घड्याळाकडे बघत होते. मग मागून कुणीतरी, नक्की कोण ते मला दिसलं नाही, म्हणालं, "मला बगा त्यांनी येड्याचा बाजार म्हणलं व्हतं." खसखस पिकली. "पर मोटार तवापास्नं जळली न्हाई." मग दुसरा बोलला, मग तिसरा. बायकांच्या बाजूनं एक म्हणाली की तिचं लग्न मोडत होतं तेव्हा अण्णांनी तिच्या बापाला दुकानात बसवून ठेवलं होतं, मोटार खोलून, जाऊच दिलं नव्हतं. हे तुला माहीत नव्हतं. तू माईक तसाच धरून उभी होतीस आणि ऐकत होतीस.

साहेब मध्येच उठले, हात जोडले आणि गेले. चूक काही केली नाही त्यांनी. पण ते गेले हे सगळ्यांनी पाहिलं.

त्याचा हिशोब संतोषकडून वसूल झाला. तुझा धाकटा भाऊ त्या वर्षी गावच्या सोसायटीला उभा राहणार होता, पॅनेलमध्ये नाव ठरलेलं होतं. ते गळलं. कारण कुणी सांगितलं नाही. तात्यांनी तुझ्याशी बोलणं टाकलं. एका वाड्यात, एका नळावर, आणि बोलणं नाही. तू मला म्हणालीस, "मला चालंल. संतोषचं वाईट वाटतं." मी म्हणाले, म्हणजे किंमत होती त्या भाषणांना. तू म्हणालीस, "किंमत व्हती. मूल्य न्हवतं." आणि मी म्हणाले, हे परत पुस्तकातलं. आपण त्या दिवशी हसलो नाही.

दवाखान्यात तू मला बजावलंस, "माझ्या दहाव्याला माईक नको. आई सांगंल तसं करा." संतोष खुर्चीवर बसला होता. तू त्याच्याकडे पाहिलंस. तो म्हणाला, "बघू गं. आधी बरी तर हो." तुला त्याचा अर्थ कळला असणार. मलाही कळला. आपण तिघंही मग जेवणाच्या डब्याबद्दल बोलायला लागलो.

तू गेल्यावर चौथ्या की पाचव्या दिवशी मी गावी गेले. मांडववाल्याला सांगून झालं होतं. सोफा सांगितला होता. तात्या पुन्हा साहेबांकडे जाऊन आले होते, आणि साहेब येतो म्हणाले होते. मी संतोषला बाजूला घेतलं. म्हटलं, तिनं काय सांगितलं होतं ते तू ऐकलंयस.

तो म्हणाला, "ताई, तुमी पेपरात लिहिणार आन पुण्याला जाणार. ती बी गेली. मला हितं ऱ्हायचंय."

याला उत्तर तुझ्याकडे असेल, तर ते तुझ्याबरोबर गेलं. संतोष तुझा शत्रू नाही, हे मी इथं स्पष्ट लिहून ठेवते, कारण गावात काहीजण तसं बोलायला लागले आहेत. त्यानं एकदा किंमत मोजली होती. दुसऱ्यांदा मोजायला तो तयार नव्हता. त्याला दोन मुलं आहेत.

तर काल.

सकाळी घाटावर गर्दी चांगली होती. नारायणगावहून तुझ्या कंपनीची माणसं आली होती. गावोगावचे शेतकरी आले होते, ते पावणं म्हणणारे म्हातारेही. तू लग्न केलं नव्हतंस, म्हणून संतोषच खाली भटजींसमोर बसला होता. वर मांडवात महाराजांनी थोडक्यात आवरलं. मग भाषणं सुरू झाली.

पहिल्यांनी तुला 'गावाची कर्तबगार कन्या' म्हटलं. दुसऱ्यांनी 'सोज्वळ आणि मितभाषी' म्हटलं. मी माझ्या शेजारणीकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत होती. तिसऱ्यांनी सांगितलं की ग्राहक हाच देव, असं तू मानायचीस. तू असं कधी मानलं नाहीस. तू म्हणायचीस की देवापुढं माणूस खोटं बोलतो, गिऱ्हाईकापुढं बोलून चालत नाही. हे वाक्य मी तेव्हाही मान्य केलं नव्हतं आणि आजही करत नाही, पण तुझं वाक्य हे होतं, ते नव्हतं. मेलेल्या माणसाच्या तोंडी दुसऱ्याचं वाक्य घालायचा अधिकार कुणाला नाही. माईक हातात असला तरी नाही.

मग साहेब उठले. ते चांगलं बोलतात. आवाज आहे, थांबायचं कुठं ते कळतं. तुझ्याबद्दल चार वाक्यं बोलून ते कालव्याच्या आवर्तनावर आले, तिथून बाजार समितीवर. ऊन मांडवाच्या कडेनं आत सरकलं होतं. खाली पिंड मांडलेले होते आणि संतोष हात जोडून बसला होता.

तुझी आई बायकांमध्ये पुढे बसली होती. तोवर ती एक शब्द बोलली नव्हती. मांडव ठरला तेव्हाही नाही, सोफा आला तेव्हाही नाही. मला वाटलं होतं तिनं सोडून दिलं. साहेब बाजार समितीच्या नव्या गाळ्यांपर्यंत पोचले असतील, तेव्हा ती उठली. पदर सावरला. मागं वळून हळू आवाजात म्हणाली, "चला गं."

आणि घाटाच्या पायऱ्यांकडे चालायला लागली.

आधी तुझी मावशी उठली. मग शेजारच्या घरातल्या. मग सगळ्याच. मीही उठले. साडीचा आवाज किती होतो ते मला माहीत नव्हतं, एवढ्या बायका एकदम उठल्या की. साहेबांचं वाक्य मधे तुटलं, मग त्यांनी ते परत जोडलं. आम्ही खाली जाऊन पायऱ्यांवर बसलो, संतोषच्या मागं. त्यानं वळून पाहिलं. आईनं त्याला हातानंच खूण केली, तू कर तुझं. मग ती बसली आणि कुणालाही न उद्देशून म्हणाली, "लहानपणी लई खोटं बोलायची. पकडली तर हसायची. मारता बी यायचं न्हाई."

मावशी म्हणाली, "माझ्या लग्नात जिलबी चोरली व्हती तिनं. परकरात." कुणी म्हणालं, ती जिलबी नव्हती, बुंदी होती. सुरू झालं. डोंगराकडची एक बाई आली होती, तिला मी ओळखत नव्हते. ती म्हणाली, "माझ्या घरी यिऊन म्हणली, ताई, ठिबक घिऊ नका. तुमच्या जमिनीला नाय लागत. कंपनीची बाई, आन घिऊ नका म्हणली." हे मला तू कधी सांगितलं नव्हतंस.

वरून तात्या आले. दोन पायऱ्या वर थांबले. ते संतापलेले नव्हते, गोंधळलेले होते. म्हणाले, "वयनी, साहेब बोलत्यात."

आई म्हणाली, "बोलू द्या की. आमी बी बोलतोय."

तात्या परत वर गेले. मांडवात भाषण चालूच होतं. आम्ही आपल्या बोलत होतो. कावळा केव्हा शिवला ते कुणी पाहिलं नाही. भटजींनी सांगितलं तेव्हा कळलं.

उठताना आई मला म्हणाली, "तू काय बोलली न्हाईस." खरं होतं. मी म्हटलं, "काकू, माझं तिच्याशी भांडण होतं, ते अर्धं राहिलंय." ती म्हणाली, "मग ठिव तसंच. मिटवू नको."

मिटवत नाही. कालच्यावरूनही मी तुझ्याशी भांडणार आहे. तू म्हणशील, बघ, गिऱ्हाईक उठून गेलं, सिद्ध झालं. मी म्हणते, वर मांडवात अर्ध्याहून जास्त माणसं बसून राहिली, आणि ती सगळी साहेबांना घाबरून बसली नव्हती. त्यातली कितीतरी तुझ्यासाठी आली होती आणि त्यांना वाटत होतं, आपल्या सुरेखासाठी एवढा मोठा माणूस उन्हात येऊन बोलतो आहे. त्यांना काय मिळालं ते काही दिवसांनी त्यांच्या घरी जाऊन विचारावं लागेल. मी जाणार आहे. तू नाहीस म्हणून तुझ्या बाजूनं उत्तर वाकवणार नाही. संतोषला काही भोगावं लागलं तर तेही लिहीन.

बातमी मी काल संध्याकाळीच दिली. साहेबांचं नाव तिच्यात आहे, कारण ते आले होते. बोलणाऱ्या बाकीच्यांचीही नावं आहेत. त्याखाली एक वाक्य आहे: श्रद्धांजलीची भाषणं सुरू असताना दिवंगत सुरेखा यांच्या मातोश्रींसह उपस्थित महिला उठून घाटावर गेल्या आणि त्यांनी तिथं सुरेखा यांच्या आठवणी सांगितल्या.

डेस्कवरून फोन आला. मुलगा चांगला आहे, नवीन आहे. म्हणाला, "मॅडम, बाकी बातमी ठीक आहे. हे शेवटचं वाक्य कशाला? दहाव्याच्या बातमीत असं कधी नसतं."

मी म्हटलं, "घडलं म्हणून."

तो म्हणाला, साहेबांकडून विचारणा होईल.

मी त्याला सांगितलं, झाली तर त्यांना माझा नंबर दे.